पोटावरचा तांब्या

धाड गावचे माझे घरमालक रोज सकाळी गोठ्यात उताणे पडायचे आणि पोटावर पाण्यानं भरलेला पितळी तांब्या ठेवायचे. श्वास घेतला की तांब्या वर जायचा, सोडला की खाली यायचा. पाणी सांडलं नाही तर श्वास बरोबर, सांडलं तर पुन्हा पहिल्यापासून. बाजूला बैल रवंथ करत उभे असायचे. मला विहिरीवर आंघोळीला जायला तोच रस्ता होता, त्यामुळे रोज सकाळी मी मान फिरवून तिथून जात असे. गावात ज्याच्या शब्दाला मान आहे असा माणूस बंडी वर करून, डोळे मिटून, शेणाच्या वासात तांब्या हलवताना दिसला की बघणाऱ्यालाच लाज वाटते. त्यांना मात्र माझा संकोच नव्हता. त्यांच्या पोटाचं गुपित माहीत असलेला सगळ्या धाडमध्ये मी एकटा, अशी त्यांची समजूत होती.

गुपित एवढंच, की मालकांना मिरची सोसत नव्हती.

यात लपवण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. त्यानं आमच्या मालकांना बाजारात पाहायला हवं होतं. धाडच्या शिवारात मिरची पुष्कळ, पण मालकांच्या मळ्यातल्या मिरचीचं नाव वेगळं घेतलं जाई. बाजाराच्या दिवशी ते पोत्यातली एक मिरची उचलून दातानं मोडायचे, चावायचे, आणि डोळ्याचं पाणी न काढता भाव सांगायचे. लग्नकार्यात ठेच्याचं पातेलं त्यांच्या हातात असायचं. पंगतीतून फिरताना एखाद्यानं नको म्हटलं, की ते तिथंच थांबून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचे, "गड्याचं पोट हाय का बाळंतिणीचं?" विचारल्यावर कोणाची नाही म्हणायची टाप नव्हती. नव्यानं आलेला एक ग्रामसेवक तर त्या प्रश्नापायी इतका ठेचा खाऊन गेला, की दुसऱ्या दिवशी त्याची कचेरी उघडलीच नाही.

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी बुलढाण्याचा, नवा नवा मास्तर, आणि मालकांच्या घराची पुढची खोली मला भाड्यानं मिळाली होती. जेवणही त्यांच्याकडेच. मालकीणबाई वारल्या होत्या. स्वयंपाक धाकटी मुलगी सुमन करायची. घरात हे दोघंच. तिसरा मी, खाणारा आणि रडणारा. त्या घरच्या ठेच्यानं माझ्या डोळ्यातून, नाकातून आणि कानातूनसुद्धा पाणी यायचं. सुमन गुपचूप दह्याची वाटी पुढे सरकवायची. मालक ती परत तिच्याकडे सरकवायचे.

एकदा जेवण झाल्यावर ते माझ्या खोलीत आले, दार लोटून घेतलं आणि बराच वेळ उगाच पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, की माझ्याबरोबर बुलढाण्याला चला, तुम्हाला वैद्याकडे न्यायचंय. मला काहीच झालं नव्हतं. तसं म्हणालो तर त्यांनी मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. कैक वर्षं छाती जळते. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोप. घरातला खायचा सोडा मुलीच्या नकळत चिमूट चिमूट खाऊन दिवस काढतात. पण वैद्याकडे स्वतः गेले तर पुढच्या बाजाराच्या आत बातमी धाडला पोचणार. तेव्हा दुखणं माझं म्हणून सांगायचं आणि ते सोबत आलेले.

मी हो म्हणालो. तरुणपणी माणसाला नाही म्हणता येत नाही, निदान मला तरी आलं नाही.

वैद्यबुवा कसरतीचा नाद असलेले, दणकट म्हातारे होते. त्यांनी मला विचारलं, झोपल्यावर पाणी तोंडात येतं का? मी विचारात पडलो, तेवढ्यात मागून मालक म्हणाले, "येते ना, लय येते. म्हंजे हे मास्तरच सांगत होते." वैद्यबुवांनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि या वयात ही अवस्था, काही पितोस का, असं खणखणीत आवाजात विचारलं. बाहेरच्या बाकावर आमच्या गल्लीतल्या एक काकू बसल्या होत्या. मग वैद्यबुवांनी मला सतरंजीवर उताणं पाडलं, सदरा वर केला आणि पोटावर तांब्या ठेवला. छाती हलता कामा नये, पोट हललं पाहिजे. नाकानं सावकाश घ्यायचा, ओठ अर्धे मिटून चुलीवर फुंकर घालावी तसा त्याहून सावकाश सोडायचा. उपाशीपोटी रोज, आणि एरवी जळजळ सुरू झाली की बसल्या जागी. पोट आणि छाती यांच्यामधला पडदा त्यानं घट्ट होतो आणि खालचं वर येत नाही, असं ते म्हणाले. शिवाय मिरची बंद, दूध सुरू, दिवस मावळायच्या आत जेवण. काकू पाणी सांडेपर्यंत बघत होत्या. संध्याकाळी घरी गेलो तर आई मला काय काय विचारायचं ते ठरवूनच बसली होती.

परतीच्या एसटीत मालक खुशीत होते. एवढ्या उपायांतून त्यांनी एकच उचलला होता. मी बाकीच्यांचं काय, असं विचारलं, तर मला समजावून सांगायला लागले.

"दूध आजारी मानूस पेते, मास्तर. मिरची सोडली तं गावात तोंड दाखवाले जागा नाही. श्वास तं सगळेच घेतात. कोनाले काय समजते?"

त्यानंतर त्यांनी श्वासाचा जो धडाका लावला, तो पंचायतीच्या बैठकीत, बाजारात, एसटीत, कुठेही. उपरण्याखाली एक हात पोटावर, डोळे अर्धे मिटलेले, आणि ओठांतून फू करत बाहेर येणारा लांबलचक श्वास. कोणी विचारलंच तर ते माझ्याकडे बोट दाखवायचे. मास्तरला पित्त आहे, त्याला शिकवतो आहे. आठवड्याभरात गावातल्या बायका मला ताक पाठवायला लागल्या. हेडमास्तरांनी कबड्डीचा संघ माझ्याकडून काढून ड्रिलच्या मास्तरांकडे दिला, आणि वर मला दुपारी जरा पडत जा म्हणाले. एका शेजाऱ्यानं माझ्या दाराशी येऊन, बिचारा एवढा तरुण, अशी हळहळ व्यक्त केली. मी आत बसून ऐकत होतो. कानाच्या पाळ्या गरम होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कळलं.

पण खरं ते सांगायला हवं. मालकांना गुण आला. ढेकर कमी झाले. ते भिंत सोडून गादीवर आडवे झोपू लागले. आणि जेवताना ते ठेचा असा खायचे, की मी बघतच राहायचो. माझं तोंड पेटलेलं, आणि समोर हे गृहस्थ लोणी खावं तसा ठेचा खाताहेत. "श्वास घ्या मास्तर, पोटातून," असं म्हणायचे. मी घ्यायचो. ठसका लागायचा. सुमन खाली मान घालून भाकरी थापत राहायची. आपल्यातच काहीतरी कमी आहे असं मला वाटायचं, आणि त्याचीही लाज वाटायची.

सुमनचं लग्न जुळत नव्हतं. एक स्थळ मोडलं होतं, त्यामुळे आलेलं प्रत्येक स्थळ आता घरात दबक्या आवाजात बोललं जाई. मग सुलतानपूरचं आलं. मुलगा मॅट्रिक, घरची शेती, माणसं चांगली. पाहून गेले, पसंत म्हणाले. त्यानंतर काही दिवस सुमन विहिरीवर गुणगुणताना ऐकू यायची. कधी नव्हे ते मालकांनीही तांब्या हलवता हलवता ताल धरला होता.

आणि मग मध्यस्थ आला. ओसरीवर बसला, पाणी प्यायला, आणि खाली बघत म्हणाला, की सुलतानपूरकरांच्या भावकीतल्या कोणीतरी मालकांना एसटीत पाहिलं. हात पोटावर, तोंडानं धापा. मुलीच्या बापाला दमा आहे असं तिकडे बोललं जातंय. दमा रक्तातून उतरतो, उद्या नातवंडांना झाला तर काय, म्हणून ते लोक जरा थांबतो म्हणाले. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो बंद पडला.

मालक माझ्या खोलीत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मला उपाय सरळ दिसत होता. मी म्हणालो, दमा नाही, पित्त आहे, मिरची सोसत नाही, असं सांगून टाका की. भर बाजारात धोतर सोडा असं म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मिरचीवाल्याला मिरची सोसत नाही हे ते कोणत्या तोंडानं सांगणार होते? पिढ्यान्‌पिढ्या मिरचीवर उभं राहिलेलं घर. त्यांनी ठरवलं, की आपण स्वतः सुलतानपूरला जायचं, धडधाकट माणूस कसा दिसतो ते दाखवायचं, आणि तिथे पाय ठेवल्यापासून परत येईपर्यंत एकही लांब श्वास घ्यायचा नाही. साक्षीदार म्हणून मी.

निघताना सुमन दारात उभी होती. ती त्यांना काहीतरी सांगायला पुढे झाली, मग माझ्याकडे पाहून थांबली. "तिथं जास्त खाऊ नका, बाबा," एवढंच म्हणाली. मालकांनी हसून हात उडवला.

चिखलीला गाडी बदलली, मेहकरला बदलली आणि सुलतानपूरला पोचलो. मुलाचे वडील तोंडावर गोड होते, पण शेत दाखवतो म्हणून त्यांनी आम्हाला असं काही चालवलं की हेतू कळायला वेळ लागला नाही. मालक पुढे, ते मागे. बांधावरून, चढावरून, मालक कुठे थांबले नाहीत. शेवटी मुलाच्या वडिलांनाच विहिरीच्या काठावर बसावं लागलं. मालकांनी मला डोळ्यानं खूण केली. सगळं जमून आलं होतं.

मग पंगत बसली. भावकीतली दहाबारा माणसं होती. मुलाचे वडील यजमान म्हणून बसले नाहीत, वाढायला उभे राहिले. ठेच्याचं पातेलं त्यांनी स्वतः हातात घेतलं आणि धाडच्या मिरचीवाल्याला आमच्याकडची मिरची दाखवू द्या, असं म्हणत मालकांच्या ताटात भलामोठा गोळा ठेवला. मालकांनी भाकरी मोडली आणि खाल्ला. माणसं कौतुकानं बघत होती. दुसरा गोळा आला. तोही गेला. तिसऱ्यालाही ते नको म्हणाले नाहीत. ज्या आग्रहानं त्यांनी जन्मभर लोकांना मारलं होतं, तो आग्रह आता त्यांच्या पानात पडत होता.

मी त्यांच्या शेजारीच होतो. मला त्यांचा गळा दिसत होता. काहीतरी वर आलं, त्यांनी ते गिळलं. पुन्हा आलं, पुन्हा गिळलं. डावा हात सवयीनं पोटाकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि मांडीवर परत आला. कपाळावर घाम फुटला. एक लांब श्वास घेतला असता तर निभावलं असतं, आणि तोच घेता येत नव्हता. घेतला तर दमा, नाही घेतला तर सगळं ताटात. डोळ्यातून पाणी वाहायला लागलं तेव्हा समोरच्या ओळीतून मुलाच्या काकांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय झालं पाव्हणं, दम लागला?"

जेवणाऱ्यांचे हात थांबले. मालकांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"दम नाही लागला," ते म्हणाले. आवाज चिरका येत होता. "मले दमा नाही. माह्या बापाले नव्हता, माह्या पोरीले नाही. मले मिरची सोसत नाही. लय वर्सापासून नाही सोसत. छाती जळते, म्हणून श्वास घेतो. एवढंच हाय."

आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी हात पोटावर ठेवला, डोळे मिटले आणि ओठांतून तो लांब फुंकरीसारखा श्वास सोडला. पुन्हा घेतला. पुन्हा सोडला. मी माझ्या ताटातल्या वांग्याच्या फोडी मोजत बसलो. दुसरीकडे कुठे बघावं ते कळत नव्हतं.

पहिल्यांदा हसले ते मुलाचे वडील. हातातलं पातेलं हलेपर्यंत हसले. मग काका, मग सगळी पंगत. वाईट हेतू नव्हता. त्यांच्या डोक्यावरचा भार उतरला होता, आणि मिरचीवाल्याला मिरची सोसत नाही यासारखी गंमत त्यांनी ऐकली नव्हती. त्या हसण्यातच नारळ आला, त्या हसण्यातच लग्न ठरलं. कुंकू लावून घेताना मालकांनी मान वर केली नाही. मलाही करवली नाही. मुलीचं लग्न ठरलेल्या माणसासारखे आम्ही दोघंही दिसत नव्हतो.

परतताना चिखलीला गाडी बदलून मालक खिडकीशी बसले. नंतर म्हणाले, "घरी तं रोज खातो मी. तुमी पाह्यता. आजच काऊन असं झालं?" आज श्वास घेता आला नाही म्हणून, असं मी म्हणालो. त्यांना ते पटलं. मलाही पटलं होतं.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायला होता. ठरलं, असं मी सुमनला सांगितलं. तिनं पदर तोंडाशी नेला. मालक चुलीजवळ बसले आणि तिकडचं सगळं त्यांनीच सांगितलं. गावाकडून तिच्या कानावर यायच्या आत आपल्या तोंडून जावं असं त्यांना वाटलं असावं. घरी पचतो तो ठेचा तिथं का पचला नाही, हेही ते पुन्हा बोलले. सुमन जात्याजवळ उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या ताटातला ठेचा मिरचीचा नसते."

मालकांना कळेना. तिनं सांगितलं. कच्चे टमाटे, शेंगदाणे, कोथिंबीर आणि लसूण. मिरचीचं नुसतं एक साल, वास यावा म्हणून. सोड्याचा डबा वरचेवर रिकामा होतोय हे तिच्या ध्यानात आलं होतं. बाप बुलढाण्याहून परत आला आणि पहाटे गोठ्यात आडवा पडायला लागला, तेव्हा तिला उरलेलं कळलं. त्या दिवसापासून ती दोन ठेचे वाटत होती.

"आन मास्तरच्या ताटातला?"

"तो खरा."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस मी त्या घरात श्वास चुकतोय म्हणून रडत जेवत होतो.

मालकांनी काडीनं चुलीतली राख उकरली. सुलतानपूरला एवढी माणसं हसली तेव्हा त्यांचा चेहरा झाला नव्हता तसा आता झाला. हळूच म्हणाले, "मले सांगितलं काऊन नाही?"

"तुमी कोनाले सांगितलं होतं?" सुमन म्हणाली, आणि ताट वाढायला वळली. त्या दिवशी तिनं एकच ठेचा वाटला होता. तो माझ्या ताटात गेला. त्यांच्या ताटात वरण आणि वाटीभर दूध आलं. ते प्यायले. पिताना त्यांनी माझ्याकडे पाठ केली होती.

गोष्ट धाडला पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या बाजारात गिऱ्हाइकं मुद्दाम थांबायची, मालक, चावून दाखवा की, म्हणायची. भाव तोच मिळत होता, माल तोच होता, पण मिरची मोडायला त्यांचा हात उठत नसे. ते पोत्याकडे बघत भाव सांगायचे. आणि नवल म्हणजे प्रकृती आता खऱ्या अर्थानं सुधारली. वरणभात, दूध, लवकर जेवण आणि सकाळचा तांब्या. मीही सुमनकडे दुसरा ठेचा मागायचं ठरवलं होतं, पण जिभेवर शब्द यायचा नाही. रोज उद्या म्हणायचो.

लग्न दारातच लागलं. पहिली पंगत वरपक्षाची, आणि त्यात गावची मोठी माणसं. व्याही पहिल्या ओळीत, त्यांच्या शेजारी मला बसवलं होतं. ठेच्याचं पातेलं वधूपित्यानं फिरवायचं, हा त्या घरचा रिवाज. आज ते येतात की नाही यावर पंगतीत हळू आवाजात चर्चा चालली होती. मुलाच्या काकांनी तर आधीच हसायला सुरुवात केली होती.

मालक आले. ओळीच्या दुसऱ्या टोकाला वाकले आणि पहिल्या पानापाशी काहीतरी विचारलं. ऐकू आलं नाही. त्या माणसानं हाव म्हटलं, त्यांनी वाढलं. पुढच्या पानापाशीही वाकून तसंच. जवळ आले तेव्हा शब्द कळले. ते प्रत्येकाच्या कानाशी जाऊन, शेजाऱ्यालाही ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारत होते, "सोसते का?"

सुरुवातीचे गडी हाव, हाव म्हणत गेले. मग ओळीत आमच्या गावचे एक म्हातारे पाटील आले, मालकांच्या खालोखाल ठेचा खाण्यात ज्यांचं नाव होतं ते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. मालक पुढे झाले. त्यांच्यापुढचाही नाही म्हणाला. त्याच्यापुढच्यानं विचारायच्या आतच पान झाकलं. मान खाली घालून एकेक माणूस नाही म्हणत होता, आणि मालक त्याच्याहून खाली मान घालून पुढे सरकत होते. काकांचं हसणं कधी थांबलं ते कळलं नाही.

माझ्यापाशी आले. "मास्तर, सोसते?"

"नाही," मी म्हणालो. "कधीच सोसला नाही."

त्यांनी मान डोलावली. जणू काही हे त्यांना विचारायचंच राहिलं होतं.

मग व्याही. सुलतानपूरला पातेलं हलेपर्यंत हसलेले, आणि त्या दिवशी पंगतीत न बसलेले व्याही. मालकांनी वाकून विचारलं. व्याह्यांनी वर पाहिलं नाही. त्यांनी पत्रावळीवर आडवा हात धरला, आणि तो तसाच धरून ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते.

मालक पातेलं घेऊन क्षणभर तिथंच राहिले. मग आणखी खाली वाकले.

"नाकानं घ्या," ते हळूच म्हणाले. "पोटात जाऊ द्या. घाई नाही. आता सोडा."